विषय कोणाचा? : अमरावती विद्यापीठातील संशोधन आणि आपली पहिली पिढी

विद्यापीठाचा इतिहास लिहायचा म्हटले की कुलगुरूंची नामावली, इमारतींच्या कोनशिला आणि पदवीदान समारंभातील भाषणे एवढ्यावरच आपल्याकडे भागवले जाते. ज्यासाठी विद्यापीठ उभारायचे ते ज्ञान तेथे कोणी निर्माण केले, कशाविषयी केले आणि कोणासाठी केले, याचा पत्ता त्या इतिहासात लागत नाही. तो लागतो पीएच.डी.च्या प्रबंधांच्या यादीत. ही यादी दिसायला अत्यंत रूक्ष असते. संशोधकाचे नाव, विषय, विद्याशाखा, वर्ष, संपले. पण ती सावकाश वाचली, तर एखाद्या प्रदेशाने स्वतःविषयी केव्हा आणि काय विचारायला सुरुवात केली, हे तीत दिसते. आणि ज्याला आडनावे वाचता येतात त्याला आणखी बरेच दिसते. महाराष्ट्रात आडनाव वाचणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम निघाल्यावर ते पाच झाले. मुंबई-पुण्याच्या मानाने हे लहान विद्यापीठ. त्याच्या यादीत शिरले की माणूस चक्रावतो. एका ओळीत लोणारच्या खाऱ्या सरोवरातले सूक्ष्मजीव, दुसरीत वऱ्हाडी बोली, तिसरीत मेळघाटातल्या औषधी वनस्पती, पुढे सहकारी पतपुरवठा, प्रकाशमान होणारे स्फटिक, दलित आत्मकथने, बंजारा लोकगीते, धरणांतले मासे, वायू ओळखणारे संवेदक, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र. पुण्या-मुंबईचा एखादा विद्वान या भेळीला हसेल. त्याने खुशाल हसावे. ही भेळ मात्र सहजासहजी आपल्या ताटात पडलेली नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. ताब्यात आलेल्या मुलखाची माहिती हवी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहायला घेतले. आल्फ्रेड लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ साली आले. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाड एकत्र झाल्यावर रसेल हा सनदी अधिकारी आणि त्याचे सहकारी हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१६ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्णानुक्रमे एकेका जातीवर लेख. आम्ही तिथे आहोत, मांग आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत, बंजारा आहेत. काय खातात, लग्न कसे लावतात, प्रेत पुरतात की जाळतात, सगळे टिपलेले. हा ग्रंथ निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. इतिहासाचा कोणताही विद्यार्थी आजही त्याच्याकडे जातोच. पण त्या हजारो पानांत आमच्या पूर्वजांनी काही विचारल्याची नोंद नाही. ते फक्त उत्तरे देतात.

आता त्याच वर्षी दुसरीकडे काय घडत होते ते पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव रामजी आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरीत छापून आला. जो 'महार' रसेलच्या ग्रंथात नोंदीचा विषय होता, तोच त्याच वर्षी जातींच्या घडणीचा सिद्धान्त मांडत होता. माझ्या मते आपल्या ज्ञानव्यवहाराचा इतिहास या वर्षापासून शिकवायला हवा.

आणि एवढ्यावर बाबासाहेब थांबले असते, तर प्रस्थापितांची फारशी तक्रार नव्हती. अस्पृश्याने अस्पृश्यतेवर बोलावे, हे त्यांना एका मर्यादेपर्यंत चालते. बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९१५ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे हे खरे दुखणे नसून त्या तुकड्यावर लावायला भांडवल नाही आणि शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लटकली आहेत, हे खरे दुखणे आहे. उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे म्हणणे. कोलंबियाचे संशोधन ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ साली तो ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. चलन, कर, व्यापार, शेतजमीन. यांतल्या एकाही विषयावर 'हा तुमचा अनुभव आहे, तुम्हीच लिहा' असे त्यांना कोणी म्हटले नसते. ज्यांना नाणे वरून टाकले जात असे, त्यांच्यातला एक जण नाण्याच्या मूल्याचे शास्त्र लिहीत होता.

त्याच १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला महाविद्यालयासाठी नागपूरला हिस्लॉप किंवा मॉरिस गाठावे लागे. कोणाची मुले ती गाठत, हे वेगळे सांगत नाही.

वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरातून निघालेले आणखी एक नाव या संदर्भात घेतले पाहिजे. पापळचे पंजाबराव देशमुख. इंग्लंडला जाऊन त्यांनी संशोधन केले ते वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर. ज्या वेदांवर अधिकार सांगायला शूद्राला मनाई, त्याच वेदांची चिकित्सा कुणब्याच्या मुलाने केली. आणि परत आल्यावर १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी ते उभे राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. वडीलबंधू बाळाराम यांच्या मृत्यूची बातमी त्यांना तेथेच मिळाली. बाबासाहेब आणि पंजाबराव यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या, मतभेदही होते. पण विषयाच्या निवडीतून व्यवस्थेची रेषा ओलांडता येते, हे दोघांनीही दाखवले.

विद्यापीठे मात्र आपल्यासाठी पुष्कळ काळ बंदच होती. म्हणून आपले संशोधन आधी विद्यापीठाबाहेर झाले. चांगदेव खैरमोडे हे सचिवालयात नोकरी करीत बाबासाहेबांचे चरित्र खंडांमागून खंड लिहीत राहिले. पहिला खंड १९५२ चा. वसंत मून महसूल खात्यातले. त्यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन-भाषण बाहेर येऊ लागले. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती घेतल्या आणि चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास १९८९ साली ग्रंथरूपाने दिला. यांपैकी कोणाच्याही मागे संशोधनकेंद्राची इमारत नव्हती. या कामांच्या तोडीचे किती प्रबंध आपल्या विद्यापीठांनी दिले, हा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. पुढे आतही दारे उघडली. नागपूरकडे डॉ. भाऊ लोखंडे यांनी मराठी संतसाहित्यावरील बौद्ध धर्माच्या प्रभावाचा शोध घेतला, औरंगाबादला डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पत्रकार आंबेडकरांना अभ्यासविषय केले. लोखंडे यांचे उदाहरण मला विशेष वाटते. संतसाहित्य ही ज्यांची वहिवाट समजली जात होती, त्यांच्या वाड्यात शिरून त्यांनी पायाचे दगड तपासले.

अमरावती विद्यापीठ निघाले तेव्हा मराठवाड्यातला नामांतराचा प्रश्न पेटलेलाच होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला, दुसऱ्या दिवसापासून मराठवाड्यात आपली घरे जळू लागली, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. विद्यापीठाच्या फाटकावर कोणाचे नाव असावे यासाठी माणसे मेली. अमरावतीला २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव मिळाले, ते शांतपणे. शेंडगावच्या परीट घरात जन्मलेला, अक्षरओळख नसलेला, पण पोरांना शाळेत घाला, भांडी विका पण शिकवा, असे कीर्तनातून ओरडून सांगणारा हा माणूस. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याने बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली होती. निरक्षर माणसाचे नाव आता डॉक्टरेटच्या प्रमाणपत्रावर छापले जाते. नाव देताना कोणाला त्रास झाला नाही, हे चांगलेच झाले. परंतु गाडगेबाबा खराट्यापुरते स्वीकारणे सोपे असते आणि त्यांचा वर्णव्यवस्थेवरचा प्रहार स्वीकारणे अवघड असते, हेही विसरू नये.

आता पुन्हा त्या भेळीकडे येतो.

लोणारचे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे या विद्यापीठाच्या अंगणात. बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेले हे विवर पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचे. पाणी खारे आणि कमालीचे अल्कधर्मी. साबणाच्या पाण्यासारखे म्हणा ना. त्यात साधा जीव तगू नये, पण सूक्ष्मजीव तगतात, आणि त्यांच्यापासून मिळणारी विकरे धुण्याच्या पावडरीपासून चामड्याच्या उद्योगापर्यंत उपयोगी पडू शकतात. अमरावतीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी बाटल्या भरभरून हे पाणी प्रयोगशाळेत नेले, जिवाणू वेगळे केले, त्यांवर निबंध लिहिले. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांना लोणारची आठवण झाली, उच्च न्यायालयाने विचारणा केली, पुण्याच्या आघारकर संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्याच्या कितीतरी आधीपासून शेजारच्या लहान विद्यापीठातली पोरे त्या काठावर उभी होती. जवळ असणे हेही संशोधनाचे एक साधन आहे. मोठ्या संस्थेला प्रवासभत्ता लागतो, आपल्याला एस.टी. पुरते.

दुसरे उदाहरण खारपाणपट्ट्याचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत हजारो चौरस किलोमीटरचा पट्टा असा आहे की, जमिनीखालचे पाणी खारे. पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही. या पाण्याच्या पृथक्करणावर भूशास्त्रात आणि रसायनशास्त्रात पुष्कळ काम झाले आहे: क्षार किती, सोडियम किती, खोली किती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर-पांढरकवड्याच्या बाजूला पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. त्यावरही काम आहे. हे सगळे मोलाचे आहे. पण एक प्रश्न मला सतत पडतो. जिथे दहांतल्या बहुतेक विहिरी खाऱ्या, तिथे गोड्या पाण्याची विहीर कोणाच्या ताब्यात होती? तिच्यावर कोणाचा पोहरा पडत होता आणि कोणी ओंजळ पसरून उभे राहत होते? महाडच्या तळ्याचा अर्थ खारपाणपट्ट्यात किती पटींनी वाढतो, याचा विचार करा. हा प्रश्न भूशास्त्राच्या प्रबंधात येत नाही, कारण तो समाजशास्त्राचा. समाजशास्त्राच्या प्रबंधात तो येत नाही, कारण तिथे पाण्यातले क्षार कोणाला ठाऊक नसतात. विषय विविध आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच गावात राहून वेगळ्या पाणवठ्यावर जावे तसे.

तिसरे उदाहरण कापसाचे, आणि हे आमच्या दारातले. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासून यवतमाळ जिल्हा हा अर्थशास्त्राच्या, वाणिज्याच्या, मानसशास्त्राच्याही प्रबंधांचा विषय झाला आहे. कर्ज, हमीभाव, सिंचन, सावकारी अशी एकेक अंगे अभ्यासली गेली. पण 'शेतकरी आत्महत्या' कशाला म्हणायचे, हे शासनाने ठरवले: जमीन नावावर हवी, कर्ज दाखवता आले पाहिजे, मग पात्र, नाहीतर अपात्र. संशोधकांनी जिल्हाधिकारी कार्यालयातून आकडे घेतले आणि त्या आकड्यांबरोबर ही व्याख्याही घेतली. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो सालगडी, जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही ती बाई, तांड्यावरून ऊसतोडीला गेलेला मजूर, हे त्या व्याख्येतच नाहीत. म्हणून प्रबंधातही नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारायला कोण जातो? बाबासाहेबांनी १९१८ साली जो प्रश्न उचलला होता, शेतीवर लटकलेल्या जादा माणसांचा, तो हाच.

इथे आपल्याच माणसांविषयी बोलले पाहिजे. आपले विद्यार्थी विद्यापीठात पोचले, शिष्यवृत्त्यांनी पोचले. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची. संशोधनासाठीची राजीव गांधी अधिछात्रवृत्ती २००५ नंतरची. पण पोचल्यावर त्यांना कोणता विषय मिळतो? मराठीत आला की दलित आत्मकथन, समाजशास्त्रात आला की आरक्षणाचे परिणाम, इतिहासात आला की आंबेडकरी चळवळ, तीही आपल्या तालुक्यापुरती. मी नोंदणीसाठी गेलो तेव्हा वऱ्हाडातल्या कापूस-बाजारपेठा आणि जिनिंग कारखान्यांच्या इतिहासावर काम करण्याचा मानस सांगितला. समोरचे गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "ते आकडेमोडीचे काम आहे. तुम्ही आपला अनुभवाचा विषय घ्या." बापाने जिनात सरकी उचलली होती, माझा अनुभव तोच होता. पण त्यांच्या लेखी माझा अनुभव म्हणजे अपमान, एवढेच. यात द्वेष नव्हता, म्हणूनच ते अधिक घातक.

याचा अर्थ दलित साहित्यावर, चळवळीवर संशोधन नको, असा कोणी काढू नये. ते हवेच, आणि आपल्यावाचून कोण करणार? पण ते करायचे तर खैरमोड्यांच्या चिकाटीने करावे. 'अमुक यांचे साहित्य : एक अभ्यास' अशा नावाची बाडे ग्रंथालयात किती आहेत, ते कधी जाऊन पाहावे. पहिल्या प्रकरणात दलित साहित्याची व्याख्या, दुसऱ्यात प्रेरणा, तिसऱ्यात लेखकाचा जीवनपरिचय. प्रबंध बदलतो, पहिली दोन प्रकरणे बदलत नाहीत. ज्या साहित्याने मराठीला हादरा दिला, त्याचे असे श्राद्ध घालणे बरे नव्हे. आणि दुसरीकडे विज्ञानशाखांत आपली संख्या कमी, याचे कारण बुद्धी नाही. प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत थांबायचे तर गावाकडची शेवटची बस चुकते, वसतिगृह लागते, रसायने विकत आणावी लागतात, आणि अधिछात्रवृत्ती सहा-सहा महिने येत नाही.

२००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत देणे सक्तीचे झाले आणि 'शोधगंगा'वर प्रबंध दिसू लागले. पूर्वी प्रबंध परीक्षकाने वाचला तर वाचला, नाहीतर कपाटात. आता दिग्रसचा विद्यार्थी बसल्या जागी तो उघडू शकतो. ही मोठी गोष्ट आहे, आणि चोरी पकडली जाण्याची भीतीही त्यामुळे काहीशी वाढली, हा वरचा नफा. पण भाषेची भिंत उभी आहेच. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावरचा प्रबंध इंग्रजीत. ज्याची विहीर त्याला तो वाचता येत नाही. ज्या मेळघाटातल्या कोरकू भगताने वनस्पती दाखवल्या, त्याचे नाव आभारप्रदर्शनातही असेलच असे नाही. रसेलच्या ग्रंथातही आमचे पूर्वज असेच, नाव नसलेले माहितीदार होते. संशोधकाचे आडनाव बदलले म्हणजे ही रीत आपोआप बदलते, असे नाही. आपल्या संशोधकांनी निदान एवढा दंडक घालून घ्यावा की, प्रबंधाचा मराठी गोषवारा गावच्या ग्रामपंचायतीत आणि बुद्धविहारात पोचवल्याशिवाय काम पुरे झाले असे समजायचे नाही.

आमच्या दिग्रस-दारव्हा भागात न विचारलेले विषय पावलोपावली आहेत. कापूस वाहून नेण्यासाठी विलायती कंपनीने घातलेली मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रेल्वे, जिला लोक शकुंतला म्हणत, आता बंद आहे. तिच्या रुळांवर कोणी मजुरी केली? अरुणावती धरणात गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यात कुळांना आणि मजुरांना काय मिळाले, आणि त्याच जलाशयातल्या मासेमारीवर कोण जगते? वऱ्हाडात ज्याला कामदार महार म्हणत, त्याचा गावकीतला हक्क कोणत्या वर्षी, कोणत्या हुकुमाने, किती धान्यावरून किती पैशांवर आला? हा शेवटचा विषय इतिहासाचा दिसतो, पण तो वित्तव्यवस्थेचाही आहे, जिच्यावर बाबासाहेबांनी कोलंबियात काम केले होते. त्याची साधने महसुली दप्तरांत, कापडी बस्त्यांत बांधलेली असतात, आणि त्यांतला जुना भाग मोडीत असतो. मोडी वाचणारे आपल्यात बोटांवर मोजण्याइतके. कुळकर्ण्याने काय लिहून ठेवले, हे वाचायला आजही दुसऱ्याकडे जावे लागते.

या सत्रात आमच्या महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी मोडी शिकायला घेतली आहे. दोन इतिहासाचे, एक मराठीची, आणि चौथा रसायनशास्त्राचा. जुन्या कागदावरची शाई कशाची असते, हे त्याला पाहायचे आहे.